पाठ्यपुस्तक लेखन : एक शिकण्याजोगी विद्या

शालेय शिक्षणाच्या साधनांत पाठ्यपुस्तकाचे स्थान अनन्यसाधारण आहे. शाळेची इमारत, फळा, प्रयोगाचे साहित्य यांत गावागणिक फरक पडतो. पाठ्यपुस्तक मात्र नाशिक शहरातील मोठ्या विद्यालयात आणि सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत एकच असते. शहरातील विद्यार्थ्याला एखादा पाठ उमगला नाही, तर घरातील शिकलेली माणसे, वाचनालय, शिकवणी असे इतर आधार सापडतात. पाड्यावरच्या मुलाला पुष्कळदा ते एक पुस्तक आणि ते शिकविणारे गुरुजी यांच्यावरच विसंबावे लागते. पुस्तकातील दुर्बोध वाक्याची किंवा चुकलेल्या आकृतीची झळ सर्वांत अधिक बसते ती ज्याला दुसरा आधार नाही त्याला.

असे असूनही पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याच्या सिद्धतेचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. प्राथमिक शाळेत शिकवावयाचे तर शिक्षणशास्त्राची पदविका लागते, माध्यमिक शाळेत पदवी लागते. पाठ्यपुस्तक लिहिण्यासाठी अथवा संपादित करण्यासाठी मात्र अशी कोणतीही स्वतंत्र अर्हता नाही. विषयाचा जाणकार, नामवंत साहित्यिक किंवा अनुभवी शिक्षक हे काम करू शकेल, असे गृहीत धरले जाते. हे तिन्ही गुण मोलाचे आहेत यात शंका नाही. परंतु नऊ वर्षांच्या मुलासाठी अपूर्णांकावर चार पाने लिहिणे ही त्या तिन्हींहून वेगळी विद्या आहे. ती शिकता येते आणि शिकविताही येते. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने प्रौढ विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी जी पद्धत अवलंबिली, तिच्यावरून हे स्पष्ट होते. शालेय पुस्तकांच्या संदर्भात त्या पद्धतीतून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेचा मागोवा

मराठीत छापील शालेय पुस्तकांचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात सुरू झाला. त्या काळी मराठी गद्याला आजच्यासारखे स्थिर वळण नव्हते. गणित, भूगोल, व्याकरण या विषयांचे शब्दच नव्याने घडवावे लागत होते. बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारख्या विद्वानांनी शाळांसाठी पुस्तके रचली. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक पिढ्यांच्या व्याकरणशिक्षणाचा तो पाया ठरला. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यात साहाय्य करणारे मेजर टॉमस कँडी यांनी पुढे सरकारी मराठी पुस्तकांच्या तपासणीचे काम दीर्घकाळ सांभाळले. मराठीत विरामचिन्हांचा वापर रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. शालेय पुस्तकांचा संपादक एखाद्या भाषेच्या लेखनावर किती खोल ठसा उमटवू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

या पहिल्या पिढीला शिकविणारे कोणी नव्हते. त्यांनी करता करता आपली रीत घडविली. मात्र जी गोष्ट त्या काळी अपरिहार्य होती, ती आजही तशीच चालू राहावी असे नाही.

राज्य मंडळाची स्थापना

कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींच्या अनुरोधाने महाराष्ट्र शासनाने २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची स्थापना केली. ‘बालभारती’ या नावाने हे मंडळ घरोघरी परिचित आहे. २०१७ पासून नववी व दहावीची आणि त्यानंतर अकरावी व बारावीची पुस्तके तयार करण्याचे कामही मंडळाकडे आले. मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू अशा आठ माध्यमांतून ही पुस्तके निघतात.

मंडळाच्या पुस्तकाच्या आरंभीची पाने सहसा कोणी वाचत नाही. ती वाचल्यास एक पुस्तक किती हातांतून जाते हे कळून येते. विषय समिती, तिच्या जोडीला प्रत्यक्ष शिकविणाऱ्या शिक्षकांचा अभ्यासगट, चित्रकार, नकाशाकार, अक्षरजुळणी करणारे, संयोजक आणि निर्मिती अधिकारी अशी नावे तेथे असतात. कच्चा मसुदा राज्याच्या निरनिराळ्या भागांतील शिक्षकांकडे व तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी पाठविला जातो, असा उल्लेखही प्रस्तावनेत आढळतो. म्हणजे सामूहिक निर्मितीची चौकट आपल्याकडे आहे. या चौकटीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या शिक्षकाला लेखनाचे आणि संपादनाचे तंत्र पद्धतशीरपणे कसे मिळावे, एवढाच प्रश्न उरतो.

नाशिकचा अनुभव

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे स्थापन झाले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषविलेले डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचे बोधवाक्य आहे. शेतकरी, कामगार, गृहिणी, सेवेत असलेले शिक्षक अशा, रोज वर्गात बसू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे विद्यापीठ आहे. साहजिकच तेथे पुस्तकावर पडणारी जबाबदारी वेगळी ठरते. अभ्यासकेंद्रावर अधूनमधून मार्गदर्शन मिळते. एरव्ही दिवसभराचे काम आटोपून रात्री पुस्तक उघडणारा विद्यार्थी आणि ते पुस्तक यांच्यामध्ये तिसरे कोणी नसते. शिक्षकाने वर्गात जे करावयाचे ते येथे पुस्तकाला करावे लागते.

या गरजेतून स्वयंअध्ययन साहित्याचे तंत्र विकसित झाले. १९६९ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने एकट्या लेखकाऐवजी लेखकगटाची पद्धत रूढ केली होती. भारतातील मुक्त विद्यापीठांनी ती आपल्या परिस्थितीनुसार स्वीकारली. या पद्धतीत विषयतज्ज्ञाला केवळ अभ्यासक्रम देऊन ‘लिहून आणा’ असे सांगून भागत नाही. लेखनाआधी त्याला तंत्राची ओळख करून द्यावी लागते. वर्गात उत्तम व्याख्यान देणारा प्राध्यापकसुद्धा पहिल्या मसुद्यात व्याख्यानच लिहून काढतो किंवा संदर्भग्रंथाचा सारांश करतो, आणि या दोन्ही प्रकारांनी एकट्याने शिकणाऱ्याची सोय होत नाही.

लेखकाला येथे प्रामुख्याने चार गोष्टी शिकाव्या लागतात. पहिली, उद्दिष्ट नेमके लिहिणे. ‘विद्यार्थ्याला जमिनीची धूप समजेल’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘आपल्या शिवारात धूप कोठे होते ते दाखविता येईल आणि तिची दोन कारणे सांगता येतील’ हे तपासता येते. दुसरी, घटकाचा आवाका ठरविणे. एका बैठकीत किती नवे वाचून पचेल याचा अंदाज घेऊन मजकूर तोडावा लागतो. तिसरी, मध्ये मध्ये प्रश्न पेरणे. दोन-तीन पाने झाली की स्वयंअध्ययनाचा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर घटकाच्या अखेरीस दिलेले असते, त्यामुळे आपण कोठे अडलो हे वाचणाऱ्याला तेथेच उमगते. चौथी, वाचणाऱ्याशी सरळ बोलणे. ‘असे निदर्शनास येते’ याऐवजी ‘तुम्ही पाहिले असेल’ अशी वाक्यरचना करावी लागते.

या पुस्तकांवर लेखकाच्या जोडीला विषयाचा संपादक, अनुदेशन तंत्राचा संपादक आणि भाषेचा संपादक अशी निरनिराळी कामे करणारी माणसे असतात. ‘अनुदेशन तंत्र’ हा शब्द बोजड वाटला तरी त्याचा अर्थ सोपा आहे. मजकूर शिकण्याच्या दृष्टीने योग्य क्रमाने मांडला आहे काय, प्रश्न उद्दिष्टाशी जुळतात काय, उदाहरण वेळेवर येते काय, हे पाहणारा तो संपादक होय. शालेय पुस्तकांच्या कामात ही जबाबदारी बहुधा सर्वांची मिळून असते, आणि म्हणूनच ती कधी कधी कोणाचीच राहत नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. शाळेतील मूल एकट्याने शिकत नाही; त्याला शिक्षक आहे, सोबती आहेत. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकाप्रमाणे सर्व काही शालेय पुस्तकातच सांगून टाकले, तर शिक्षकाला करण्याजोगे काही उरत नाही आणि वर्गातील प्रयोग व चर्चा मागे पडतात. म्हणून नाशिकच्या अनुभवातून पुस्तकाचा साचा न उचलता लेखक घडविण्याची शिस्त तेवढी घ्यावयाची आहे.

एका परिच्छेदाचे संपादन

हे तंत्र प्रत्यक्षात कसे चालते ते एका नमुन्यावरून पाहता येईल. चौथीच्या परिसर अभ्यासासाठी एका लेखकाने पुढील वाक्य लिहिले आहे असे समजू : ‘सूर्याच्या उष्णतेमुळे जलाशयाच्या पृष्ठभागावरील जलाचे बाष्पात रूपांतर होऊन वातावरणातील आर्द्रतेचे प्रमाण वाढते व या प्रक्रियेस बाष्पीभवन असे संबोधले जाते.’

विषयाच्या दृष्टीने या वाक्यात चूक नाही. परंतु जलाशय, पृष्ठभाग, बाष्प, आर्द्रता आणि बाष्पीभवन असे पाच अपरिचित शब्द एकाच वाक्यात आले आहेत. जे मुलाने रोज पाहिले आहे त्याचा येथे उल्लेखही नाही. मूल हे वाक्य पाठ करील, परीक्षेत लिहील आणि त्याला गुणही मिळतील. त्याच्या समजुतीत मात्र भर पडणार नाही.

भाषेचा संपादक ते असे करील : ‘धुतलेला सदरा दोरीवर टाकला, की काही वेळाने तो सुकतो. सदऱ्यातले पाणी कोठे गेले? उन्हाच्या उष्णतेने त्या पाण्याची वाफ झाली. पाण्याची अशी वाफ होण्याला बाष्पीभवन म्हणतात.’ येथे आधी अनुभव आला, मग प्रश्न आला, मग उत्तर आले आणि सर्वांत शेवटी एकच नवा शब्द आला.

आता हा मजकूर विषयाच्या संपादकाकडे जातो. तो म्हणेल, ‘मुलाला वाफ ठाऊक आहे ती चुलीवरच्या भाताच्या पातेल्यातून निघणारी. तशी वाफ सदऱ्यातून निघताना त्याने पाहिलेली नाही. शिवाय सदरा सावलीतही सुकतो.’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मजकुरात आणखी दोन वाक्ये येतात : ‘ही वाफ हवेत मिसळते, ती डोळ्यांना दिसत नाही. सावलीतही कपडे सुकतात, पण त्यांना अधिक वेळ लागतो.’ तंत्राचा संपादक पुढे एक कृती सुचवितो : दोन सारख्या फडक्यांवर सारखे पाणी घालून एक उन्हात व एक सावलीत ठेवावे आणि कोणते आधी सुकते ते पाहावे.

एका वाक्याची सहा-सात वाक्ये झाली, जागा वाढली. मग त्या पाठातील दुसरे काय कमी करावयाचे हा प्रश्न उभा राहतो. काय गाळावे हे ठरविणे हाच संपादनाचा सर्वांत कठीण भाग होय. अभ्यासक्रमातील प्रत्येक मुद्द्याला एक ओळ देऊन ‘समाविष्ट केला’ अशी खूण करण्याचा मोह टाळण्यास शिकणे, हे लेखकाच्या प्रशिक्षणाचे एक मोठे उद्दिष्ट असले पाहिजे. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ या विषयावरील अहवालात नेमके याच दोषावर बोट ठेवले होते. दप्तराच्या वजनापेक्षा न समजणाऱ्या माहितीचे ओझे अधिक जड असते, हा त्या अहवालाचा मथितार्थ होता. पुस्तकलेखनात वर्गशिक्षकांचा सहभाग वाढवावा, अशी शिफारसही समितीने केली होती.

उदाहरणे, चित्रे आणि नकाशे

गणिताच्या पुस्तकातील शाब्दिक उदाहरणे वरवर निरुपद्रवी दिसतात. ‘एका शेतकऱ्याने एक एकर जमिनीत दोन क्विंटल कांदा पिकविला’ असे उदाहरण निफाड किंवा येवला तालुक्यातील मुलाने वाचले, तर ते हसेल. आपल्या घरी जे रोज बोलले जाते ते पुस्तकाला ठाऊक नाही, हे एकदा त्याच्या लक्षात आले की इतर पानांवरील त्याचा विश्वासही डळमळतो. भावाचेही तसेच आहे. पुस्तक अनेक वर्षे चालते आणि बाजारभाव आठवड्याला बदलतो. अनुभवी लेखक भावाऐवजी वजन, अंतर, वेळ यांवर उदाहरणे रचतो. भाव द्यावाच लागला तर ‘लासलगावच्या बाजारातील आजचा भाव विचारून या’ अशी कृती देतो.

चित्रेही शिकवीत असतात. आई नेहमी चुलीपाशी आणि वडील नेहमी वर्तमानपत्र वाचताना दिसले, तर मजकुरात समतेचा धडा असूनही चित्र निराळेच सांगून जाते. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकांत घरकामात सहभागी होणारे पुरुष आणि निरनिराळ्या व्यवसायांतील स्त्रिया दाखविण्यात आल्या, त्याची दखल सर्वत्र घेतली गेली. असा बदल चित्रकाराला आयत्या वेळी सांगून होत नाही. लेखकाने चित्राची सूचना मजकुराबरोबरच आणि तेवढ्याच काळजीने लिहावी लागते.

नकाशाच्या बाबतीत तर चुकीला क्षमा नाही. देशाच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवाव्या लागतात. २०१३ साली राज्यातील इयत्ता दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातील एका नकाशात अरुणाचल प्रदेश भारताच्या सीमेत दाखविण्याचे राहून गेले आणि मोठी टीका झाली. मजकूर वाचणारी नजर आणि नकाशा तपासणारी नजर निराळी असते. मजकुराचा संपादक नकाशावरून सहज पुढे जातो. म्हणून नकाशा, आकृती, सारणी आणि उत्तरसूची यांची तपासणी स्वतंत्र बैठकीत, स्वतंत्र यादी हाती घेऊन करावी, ही शिस्त शिकवावी लागते.

मालेगावसारख्या शहरात उर्दू माध्यमाच्या शाळांची संख्या मोठी आहे. तेथे आणखी एक प्रश्न उद्भवतो. उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे वाचली जाते. मराठी पुस्तकात डावीकडून उजवीकडे मांडलेली चित्रकथा उर्दू पुस्तकात तशीच छापली, तर मूल ती उलट्या क्रमाने वाचील : आधी झाड मोठे होईल, मग बी पेरले जाईल. भाषांतर करणाऱ्याने शब्द अचूक बदलले तरी असा दोष राहून जातो. म्हणून भाषांतरकार आणि मांडणीकार यांनाही लेखकांबरोबर एकाच वर्गात बसविणे हितावह ठरते.

प्रमाणभाषा आणि घरची बोली

नाशिक जिल्ह्याची भाषिक रचना मोठी वैविध्यपूर्ण आहे. बागलाण व मालेगावच्या परिसरात अहिराणी बोलली जाते. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांत कोकणा व भिल्ल समाजांच्या बोली आहेत. पहिलीच्या वर्गात येणाऱ्या अशा मुलाला पुस्तकाची मराठी ही निम्मी नवी भाषाच असते. घरी ‘शे’ म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकात ‘आहे’ भेटते. प्रमाणभाषा त्याला यावयाची आहेच. परंतु तिच्यापर्यंतची पायरी पुस्तकाने बांधली पाहिजे.

येथे लेखकाला दोन बंधने एकाच वेळी सांभाळावी लागतात. मराठी साहित्य महामंडळाचे शासनमान्य शुद्धलेखनाचे नियम, भाषा संचालनालयाने सिद्ध केलेले पारिभाषिक शब्द, तसेच वर्णमाला व अक्षरवळणासंबंधी शासनाने २००९ मध्ये ठरविलेले आणि २०२२ मध्ये सुधारलेले मानक हे सर्व पाळावयाचे. त्याच वेळी पहिली-दुसरीच्या वाक्यांत जोडाक्षरे किती असावीत, एका पाठात नवे शब्द किती यावेत आणि ते पुढच्या पाठांतून किती वेळा पुन्हा भेटावेत, याचाही हिशेब ठेवावयाचा. नव्या शब्दांची यादी करून प्रत्येक शब्द कोणत्या पानावर पुन्हा आला याची नोंद ठेवणे, हे कष्टाचे पण सोपे काम आहे आणि एका कार्यशाळेत ते शिकविता येते.

संख्यानामांचा धडा

लेखन चांगले असूनही पूर्वतयारी अपुरी पडली तर काय होते, हे २०१९ साली दिसून आले. त्या वर्षी इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’, ‘बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन देण्यात आले. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर या तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. या बदलामागील विचार शैक्षणिक होता. मराठीत २१ लिहिताना दशक आधी येतो, पण ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी येतो. ‘एकोणतीस’ म्हणताना तर तिसांतून एक वजा करावा लागतो. ‘त्र्याण्णव’, ‘अठ्ठ्याण्णव’ अशा नावांतील जोडाक्षरे लहान मुलांना अवघड जातात. कन्नड आणि तेलुगू या शेजारच्या भाषांत दशक आधी बोलला जातो, हेही या विचाराला पूरक होते.

परंतु पुस्तक हाती पडताच राज्यभर वाद उसळला आणि तो विधिमंडळापर्यंत गेला. जुनी नावे रद्द झाली असा अनेकांचा समज झाला. वस्तुतः दोन्ही रीती दिल्या होत्या. बदल योग्य की अयोग्य याविषयी मतभेद राहतील. लेखक-संपादकांच्या प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र या प्रसंगातून एक गोष्ट निश्चित शिकता येते. पुस्तकातील नवी रीत घराघरांत जाते. पालक ती स्वतःच्या शाळेच्या दिवसांशी ताडून पाहतात. म्हणून बदलाचे कारण शिक्षकांना आधी, पालकांना सोप्या भाषेत आणि पुस्तकात योग्य त्या पानावर सांगणे हा संपादनाचाच भाग होय.

वर्गात चाचणी

पाठाची खरी परीक्षा वर्गात होते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या या कार्यक्रमात ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके शिक्षकांच्या सहभागाने घडली. शिक्षक पाठ वर्गात करून पाहत, मासिक बैठकीत अडचणी मांडत आणि त्यानुसार पाठ पुन्हा लिहिले जात. २००२ साली हा कार्यक्रम बंद झाला. परंतु पुस्तक सुधारणारा शिक्षक स्वतःही त्या कामातून लेखक बनतो, हा त्याचा अनुभव टिकून राहिला.

आपल्याकडे अशा चाचणीसाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, केंद्रप्रमुख आहेत, केंद्राच्या शिक्षण परिषदा भरतात. नाशिक जिल्ह्यात एक शहरी शाळा, एक द्राक्षबागांच्या पट्ट्यातील शाळा, एक आदिवासी पाड्यावरची शाळा आणि मालेगावातील एक उर्दू शाळा अशा चार ठिकाणी एकच पाठ करून पाहिला, तरी राज्यातील परिस्थितीचे पुष्कळसे दर्शन घडू शकेल. लेखकाने त्या वेळी स्वतः न शिकविता मागच्या बाकावर बसून केवळ नोंद करावी : मुले कोठे थांबली, कोणता प्रश्न शिक्षकाला पुन्हा समजावून सांगावा लागला, कोणते चित्र मुलांनी वेगळ्याच अर्थाने वाचले. लेखकाच्या दृष्टीने यासारखे दुसरे प्रशिक्षण नाही.

प्रशिक्षणाची रूपरेषा

वरील विवेचनावरून लेखक-संपादकांच्या प्रशिक्षणवर्गाची आखणी कशी असावी, याची कल्पना करता येते. तो सलग व्याख्यानांचा वर्ग नसावा. पहिल्या टप्प्यात, चार-पाच दिवस, बालकाची आकलनक्षमता, उद्दिष्टलेखन, शब्दयादी आणि लेखननियम यांचा परिचय व्हावा आणि प्रत्येकाने एक पाठ लिहून पुरा करावा. दुसऱ्या टप्प्यात, आपापल्या शाळेत परतून, तो पाठ दुसऱ्या शिक्षकाकडून वर्गात करवून घ्यावा व नोंदी ठेवाव्या. तिसऱ्या टप्प्यात पुन्हा एकत्र येऊन परस्परांच्या पाठांचे संपादन करावे. एकदा विषयाच्या, एकदा तंत्राच्या आणि एकदा भाषेच्या दृष्टीने. अखेरीस मुद्रितशोधन, नकाशे व चित्रे यांची तपासणी आणि भाषांतराचे प्रश्न यांवर प्रत्यक्ष काम व्हावे.

असा वर्ग पूर्ण करणाऱ्यांची नोंद जिल्हावार ठेवल्यास नव्या पुस्तकांच्या वेळी अभ्यासगटासाठी तयार माणसे मिळू शकतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत असताना ही गरज अधिकच तीव्र झाली आहे. नव्या अभ्यासक्रमाची घोषणा आणि पुस्तकाची छपाई यांमधील काळ नेहमीच अपुरा वाटतो. माणसे आधीपासून तयार असतील तरच तो पुरतो. शालेय पुस्तकांचे ज्ञान पुण्याच्या मंडळापाशी आहे, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेपाशी अभ्यासक्रमाची सूत्रे आहेत आणि दूरस्थ पद्धतीने सेवेतील माणसांना शिकविण्याचे तंत्र नाशिकच्या मुक्त विद्यापीठापाशी आहे. शाळा सोडून दीर्घकाळ पुण्याला जाऊ न शकणाऱ्या तालुक्यातील शिक्षकाला लेखनाचे शिक्षण द्यावयाचे, तर या तिन्हींचा मेळ उपयोगी पडेल.

पंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती

पाठ्यपुस्तकाशी आपला संबंध वाटपापुरता आहे, अशी समजूत पंचायत सदस्यांची असू शकते. प्रत्यक्षात ते याहून पुष्कळ अधिक करू शकतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिले असून स्थानिक संस्थेचा प्रतिनिधीही तीत असतो. समितीने शाळेत एक साधी नोंदवही ठेवावी. इयत्ता, पुस्तक, पान क्रमांक, चूक किंवा अडचण आणि सुचविलेला बदल असे पाच रकाने पुरेसे आहेत. शिक्षक, पालक आणि मुले यांपैकी कोणीही तीत लिहावे. वर्षअखेर ती नोंद केंद्रप्रमुखांमार्फत वर पाठवावी. पुनर्मुद्रणापूर्वी अशा नोंदी हाती आल्या, तर संपादकाचे निम्मे काम हलके होते. ‘पुस्तकात चुका आहेत’ या तक्रारीपेक्षा ‘पान ३२ वरील दुसऱ्या आकृतीत कोनाचे माप चुकले आहे’ ही नोंद शतपटीने मोलाची असते.

गावातील ज्या शिक्षकाला लिहिण्याची आवड आहे, जो मुलांसाठी गोष्टी, कोडी, कार्यपत्रिका तयार करतो, त्याच्याकडेही समितीने लक्ष द्यावे. प्रशिक्षणवर्गासाठी किंवा पाठाच्या चाचणीसाठी तो गेला, तर शाळेची तात्पुरती व्यवस्था लावणे हा गावाचा या कार्यातील वाटा ठरेल.

पाठ्यपुस्तकाच्या एका पानाच्या लाखो प्रती निघतात. त्या पानावर एक दिवस अधिक खर्च झाला, तर त्याचे फळ लाखो मुलांच्या पदरी पडते; तो दिवस वाचविला, तर चुकीचा भारही तितक्याच मुलांवर पडतो. विद्वत्ता, साहित्यगुण आणि अध्यापनाचा अनुभव यांना लेखनतंत्राच्या पद्धतशीर शिक्षणाची जोड मिळाली, तर सुरगाण्याच्या पाड्यावर पोहोचणारे ते एक पुस्तक तेथील मुलाला अधिक भरवशाची सोबत देऊ शकेल.